चर बुजवल्यावर पीटभूमी सावरतेय का, हे कवचधारी अमीबांवरून कसं ओळखायचं? (चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

पाणथळ

उत्तर स्कॉटलंडच्या फ्लो कंट्री भागातल्या एका ब्लँकेट बॉगवर (पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराने पांघरुणासारख्या झाकलेल्या दलदलीवर) जुने निचऱ्याचे चर बुजवायचं काम येत्या वर्षात सुरू होतंय. १९७०-८०च्या दशकांत सिट्का स्प्रूस आणि लॉजपोल पाइन लावण्यासाठी हे चर खणले होते. झाडं आता तोडली आहेत, चर मात्र अजून वाहतात. काही ठिकाणी स्फॅग्नम, म्हणजे दलदलीतलं पीट तयार करणारं मॉस, टिकून आहे. काही ठिकाणी उघडा पीट, सुईपानांचा थर आणि हेदरची झुडपं आहेत.

पाण्याची पातळी मोजायला भोकांच्या नळ्या बसवणार आहोत. त्याच्या जोडीला कवचधारी अमीबांचं (कवचात राहणाऱ्या एकपेशी जीवांचं, ज्यांच्या जाती ओलीनुसार बदलतात) निरीक्षण करावं असं ठरतंय, कारण झाडोऱ्यात फरक दिसायला बरीच वर्षं लागतात. ४०० पट मोठं दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक, सेंट्रिफ्यूज आणि चाळण्या उपलब्ध आहेत. विचारायचं ते असं:

नमुने कुठून, किती आणि कधी घ्यावेत? ते तयार करण्याची खात्रीची रीत कोणती, आणि किती कवचं मोजली म्हणजे पुरे? कोणत्या जाती दिसल्या की ओल वाढली म्हणायचं? आणि डीएनएच्या पद्धती असताना डोळ्यांनी मोजत बसण्यात अर्थ आहे का?

दवबिंदू

सगळ्यात आधी हे करा: चर बुजवण्याआधीचा किमान एक, जमले तर दोन हंगामांचे नमुने घेऊन ठेवा. काम झाल्यावर घेतलेले नमुने कितीही नीट मोजले तरी तुलना कशाशी करणार? आणि सुधारणा होणाऱ्या भागाइतकेच नमुने जिथे काहीच करणार नाही अशा शेजारच्या भागातूनही हवेत. एखादं वर्ष ओलं गेलं की सगळीकडचेच अमीबा ओलीकडे सरकतात. ते श्रेय चुकून चर बुजवणाऱ्या बांधांना मिळायला नको.

जागा ठरवताना चराला काटकोनात रेघ मारा आणि १, ३, १० आणि ३० मीटरवर बिंदू घ्या. ब्लँकेट बॉगमधला खालचा कुजलेला पीट पाणी फार सावकाश सोडतो, त्यामुळे चराचा परिणाम बहुधा पहिल्या काही मीटरांतच दिसतो. सगळे बिंदू २० मीटरच्या पुढे ठेवले तर तुम्हाला फरक दिसणारच नाही आणि काम फसलं असं वाटेल. अशा तीन रेघा सुधारणेच्या भागात, तीन न बदलणाऱ्या भागात, म्हणजे २४ बिंदू झाले. मोजणीला लागणारा वेळ पाहता पहिल्या फेरीला एवढे पुरेत. सरावलेल्या माणसाला एका नमुन्याला दोन-तीन तास लागतात, नवख्याला अर्धा दिवस धरा.

प्रत्येक बिंदूवर उंचवटा आहे, सपाटी आहे की खळगा, ते लिहा आणि पुढच्या वर्षी त्याच प्रकारच्या जागेतून घ्या. इथे सर्वाधिक गफलत होते. एका हातभर अंतरात उंचवट्यावर पाणी ३० सें.मी. खाली आणि खळग्यात पृष्ठभागाला टेकलेलं असू शकतं. पहिल्या वर्षी उंचवटा आणि तिसऱ्या वर्षी खळगा मोजला की कागदावर दलदल एकदम निरोगी होते. बिंदूवर बांबूची खूण ठेवा आणि वरून फोटो काढा, फोटोत मोजपट्टी दिसू द्या.

हंगाम एकच धरा. उन्हाळ्याची अखेर, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर, बरी पडते, कारण तेव्हा पातळी सर्वात खाली असते आणि चरामुळे होणारा फरक उठून दिसतो.

स्फॅग्नम असेल तिथे दहा-बारा देठ मुळापासून न ओढता कात्रीने कापा आणि वरचे ५ सें.मी. ठेवा. टोकाचा हिरवा गुच्छ आणि खालचा तपकिरी भाग वेगवेगळ्या पिशव्यांत भरा, कारण दोन्हींतला अमीबांचा समाज सारखा नसतो. शेवाळ पोटात बाळगणाऱ्या जाती उजेडाकडे, म्हणजे वरच्या भागात जास्त सापडतात. एका वर्षी टोकं आणि दुसऱ्या वर्षी तपकिरी देठ मोजले तर त्या जाती अकारण वाढल्या किंवा घटल्यासारख्या दिसतील. जिथे स्फॅग्नम नाही तिथे दुसरं मॉस किंवा पीटचा वरचा २ सें.मी. थर घ्या, पण तक्त्यात तो प्रकार वेगळा नोंदवा. स्फॅग्नमची जात लिहा: पॅपिलोसम, कॅपिलिफोलियम, कस्पिडाटम एवढ्या तरी ओळखता यायला हव्यात.

पिशवीतली हवा काढून ४ अंशांवर ठेवा. जिवंत अमीबा मोजायचे असतील तर आठवड्याच्या आत हात घाला. ते जमणार नसेल तर नमुन्यात ग्लुटराल्डिहाइड २ टक्के होईल इतकं घाला, हातमोजे घालून आणि धूर खेचणाऱ्या कपाटातच. नुसती रिकामी कवचं मोजायची असतील तर थंडीत ठेवलेला नमुना महिनोन्‌महिने टिकतो.

नळ्यांबद्दलही थोडं, कारण अमीबांचे आकडे शेवटी त्यांच्याशीच ताडून पाहायचे आहेत. ३२ मि.मी.ची पीव्हीसी नळी, मीटरभर लांब, चारी बाजूंनी दर ५ सें.मी.वर ४-५ मि.मी. भोकं, खालचं तोंड बंद, बाहेरून नायलॉनचं मोज्यासारखं आवरण. ते आवरण नसेल तर बारीक पीट आत जाऊन भोकं बुजतात आणि नळीतलं पाणी बाहेरच्या पाण्यामागे रेंगाळतं. मोजताना शेजारी फळी टाकून तिच्यावर उभे राहा. पायाखाली पीट दबला की पाणी वर येतं आणि तुम्ही स्वतःच्या वजनाची नोंद करून घरी येता. अजून एक: चर बुजवल्यावर पीट फुगतो आणि जमीनच वर उचलली जाते. त्यामुळे खालच्या खनिज थरापर्यंत एक लोखंडी सळई ठोकून ठेवा आणि तिच्या टोकापासून पृष्ठभाग किती खाली आहे ते दर वेळी मोजा. अमीबांना कळतं ते पृष्ठभागापासून पाणी किती खाली आहे एवढंच. तुमच्या नोंदीत मात्र जमीन उचलली गेली की पाणी वाढलं, हे वेगळं दिसायला हवं.

सूक्ष्मदर्शी

प्रयोगशाळेतली रीत सांगतो. मूळ पद्धत १९९७ साली हेंडन आणि चारमन यांनी मांडली. आज बहुतेक जण तीच थोड्याफार फरकाने वापरतात.

२ घन सें.मी. नमुना घ्या. घनफळ मोजायला मोजपात्रात पाणी भरून नमुना बुडवा, पातळी किती चढली ते पाहा. दाबून किंवा पिळून मोजू नका. बीकरमध्ये १०० मि.लि. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात लायकोपोडियमची एक गोळी (या वनस्पतीचे ठरावीक संख्येने बीजाणू असलेली, म्हणजे त्यांच्या प्रमाणात कवचांची घनता काढता येते). गोळीत बीजाणू किती हे डबीवर त्या खेपेसाठी छापलेलं असतं, तोच आकडा वापरा. गोळी विरघळत नसेल तर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब पुरतात. नमुना १० मिनिटं मंद उकळा, काचेच्या कांडीने ढवळत राहा, म्हणजे देठांना चिकटलेली कवचं सुटतील. खळखळून उकळला तर फेस बीकरबाहेर जातो आणि बीजाणूंचा हिशेब तिथेच बिघडतो.

मग ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा. वर राहिलेला चोथा फवाऱ्याने दोन-तीनदा धुवा आणि गाळलेलं सगळं पाणी ठेवा. मूळ रीतीत यानंतर १५ मायक्रॉनची चाळणी लावून बारीक गाळ काढून टाकतात. माझं स्पष्ट मत आहे की ती पायरी गाळावी. स्लाइड स्वच्छ दिसते हे खरं, पण क्रिप्टोडिफ्लुजिया ओव्हिफॉर्मिस, छोट्या युग्लायफा, ट्रिनेमा आणि कोरिथिऑनची काही कवचं त्या चाळणीतून निसटतात. यांतल्या काही जाती कोरड्या जागांच्या सूचक आहेत. त्या गेल्या की नमुना आहे त्याहून ओला दिसतो. गाळ फारच असेल आणि चाळणी लावावीच लागली तर सगळ्या वर्षांच्या सगळ्या नमुन्यांना लावा, आणि खाली गेलेल्या पाण्यातला एक थेंब तपासून काय वाहून जातंय ते बघा.

गाळलेलं पाणी रात्रभर निवळू द्या किंवा ३००० फेऱ्यांवर ५ मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. वरचं पाणी हळूच ओता. तळाचा गाळ छोट्या कुपीत पाणी आणि ग्लिसरॉलमध्ये ठेवा. स्लाइडवर एक थेंब, त्यावर कव्हरस्लिप, कडा नखपॉलिशने बंद. ग्लिसरॉल जास्त झालं तर पारदर्शक कवचं, विशेषतः हायलोस्फेनियाची, जवळपास दिसेनाशी होतात. दिसत नसतील तर त्याच गाळाची नुसत्या पाण्यातली स्लाइड करून पाहा. थेंब पातळ असू द्या. दाट थेंबात कवचं एकमेकांखाली लपतात आणि त्यांना फिरवून तोंड पाहता येत नाही. कव्हरस्लिपच्या कडेला सुईने हलकं टेकलं की कवच कुशीवर वळतं. अर्ध्या जातींची ओळख त्या तोंडाच्या आकारावरच ठरते.

परागकण काढण्याच्या जुन्या रीतीतला गाळ मात्र चुकूनही वापरू नका. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने कवचं फुटतात, ॲसिटोलिसिस या आम्लप्रक्रियेने तर नाहीशीच होतात. जे उरतं ते फक्त सर्वात चिवट जातींचं असतं.

मोजायचं किती? प्रत्येक नमुन्यात १५० कवचं हे चांगलं उद्दिष्ट. कवचं विरळ असतील तर १०० वरही भागतं. पन्नासच्या खाली मुख्य जातींचा कल कळतो, दुर्मीळ जातींबद्दल बोलू नये. आणि स्लाइडच्या मधोमध थांबायचं नाही. सुरू केलेली ओळ पूर्ण करा, कारण हलकी कवचं कव्हरस्लिपच्या कडेला जाऊन बसतात.

घनतेचं गणित सोपं आहे: मोजलेली कवचं गुणिले टाकलेले बीजाणू, भागिले मोजलेले बीजाणू गुणिले घनफळ. समजा १५० कवचं मोजताना ६० बीजाणू दिसले, गोळीत १८,००० होते आणि नमुना २ घन सें.मी. होता. मग एका घन सें.मी.मध्ये २२,५०० कवचं. टक्केवारी एवढी बोलत नाही तेवढी ही घनता बोलते. उघड्या, वाळलेल्या पीटवर टक्केवारी छान दिसते पण घनता तळाला गेलेली असते.

जिवंत आणि मेलेले वेगळे मोजा. कवचात जीवद्रव्य किंवा गोल पुटी दिसली तर जिवंत धरा. शंका असेल तर रोझ बेंगॉल रंग वापरा, जीवद्रव्य गुलाबी होतं. तुमच्या कामात हे वेगळं मोजणं अत्यंत गरजेचं आहे. रिकामी कवचं मागच्या काही वर्षांची सरासरी दाखवतात. जिवंत अमीबा या हंगामातली स्थिती सांगतात. चर बुजवल्यावर पहिल्या वर्षी फरक दिसला तर तो जिवंतांच्या यादीत दिसेल.

चिखलवाट

आता जाती. एका जातीवर निकाल देऊ नका, पण काही चेहरे लवकर ओळखीचे करून घ्या.

ओल्या बाजूला आर्चेरेला फ्लावम: मधासारखं पिवळं-तपकिरी, लांबट गोल, दोन्ही टोकांना एकेक तोंड. जुन्या याद्यांत ही अँफिट्रेमा फ्लावम नावाने आहे, एकच समजा. अँफिट्रेमा राइटियानमलाही दोन तोंडं असतात, पण तोंडांना कॉलर असते आणि अंगावर बाहेरचे कण चिकटलेले असतात. ती उघड्या पाण्याच्या डबक्यांजवळ राहते. हायलोस्फेनिया पॅपिलिओ नासपतीच्या आकाराची, स्वच्छ पिवळसर, तोंडाच्या विरुद्ध, गोल टोकाच्या कडेला बारीक छिद्रं, आणि जिवंत असेल तर पोटात हिरवं शेवाळ. तिची बहीण हायलोस्फेनिया एलेगन्स हिच्या कवचावर दाबल्यासारखे खळगे असतात.

कोरड्या बाजूला असुलिना मस्कोरम, कोरिथिऑन ड्युबियम, ट्रायगोनोपिक्सिस आर्क्युला (घुमटासारखी, त्रिकोणी तोंडाची) आणि बुलिन्युलारिया इंडिका. ही शेवटची पेनार यांनी १९०७ साली सिक्कीम हिमालयातल्या नमुन्यांवरून वर्णन केली होती. तुमच्या जागेसाठी सर्वात बोलकी जात हायलोस्फेनिया सबफ्लावा. छोटी, तपकिरी, साधी, कुठलीही नक्षी नसलेली. निचरा झालेल्या, वर सुकलेल्या पीटवर ही एकटीच निम्म्याहून जास्त जागा व्यापू शकते. चराकाठच्या नमुन्यांत ती घटते का हे पाहत राहा.

आर्सेला डिस्कॉइडीस हा सापळा आहे. ती ओल्या जागांची म्हणून यादीत असते, पण पाणी वरखाली होत राहणाऱ्या जागाही तिला मानवतात. बांध घातल्यावर चरालगत पाणी तुंबतं, उन्हात उतरतं, पावसात पुन्हा चढतं. अशा वेळी तिची गर्दी झाली तर तिला स्थिर ओलीचं लक्षण समजू नका. तिच्या जोडीला आर्चेरेला आणि पॅपिलिओ येतात का, त्यावर सगळं ठरतं.

ओळखताना हमखास होणाऱ्या चुका: असुलिना मस्कोरम आणि असुलिना सेमिन्युलम यांत मोजपट्टी वापरा, पहिली सुमारे ६० मायक्रॉनच्या आत राहते, दुसरी मोठी. आर्सेला कॅटिनस कोरड्या मॉसवर राहते, तिला वरून पाहून डिस्कॉइडीसमध्ये ढकलू नका, कवच आडवं करून उंची बघा. बाटलीच्या आकाराची तपकिरी कवचं खूप दिसली तर ती बहुधा अमीबाची नाहीतच, हॅब्रोट्रोका अँगस्टिकॉलिस या रोटिफरची (सूक्ष्म बहुपेशी प्राण्याची) घरं आहेत. ती वेगळ्या रकान्यात मोजा, एकूण बेरजेत घेऊ नका.

यावरून पाण्याच्या पातळीचा आकडा काढायचा तर संक्रमण-सूत्र लागतं, म्हणजे जातींच्या प्रमाणावरून पातळीचा अंदाज देणारं गणित. ॲम्सबरी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली युरोपभरातले १,७९९ नमुने एकत्र करून असं सूत्र दिलं. आर या संगणकीय भाषेतल्या रिओजा पॅकेजमध्ये भारित सरासरीची पद्धत तयार आहे. तुमची यादी त्यात घालण्याआधी जातींची नावं त्यांच्या गटांशी जुळवून घ्या. त्यांनी एकमेकांसारख्या जाती एकाच प्रकारात घातल्या आहेत. तुम्ही बारकाईने वेगळ्या केलेल्या दोन युग्लायफा तिथे एकच असू शकतात. नाव जुळलं नाही तर सॉफ्टवेअर ती जात गुपचूप सोडून देतं.

अशा सूत्रांची चूक साधारण ५ ते १० सें.मी. असते. म्हणून 'पाणी १४.२ सें.मी.वर आहे' असं अहवालात लिहू नये. त्याच बिंदूवर मागच्या फेरीपेक्षा ओलं झालं की कोरडं, आणि न बदललेल्या भागापेक्षा किती जास्त, एवढंच ठामपणे सांगता येतं. तुमच्या नळ्यांच्या नोंदी आहेत, तेव्हा त्यांच्याशी ताडून स्थानिक दुरुस्ती करा. ती करताना एकेक नमुना वगळून तपासू नका. एका रेघेवरचे शेजारी नमुने एकमेकांसारखेच असतात, त्यामुळे चूक खोटी कमी दिसते. एक अख्खी रेघ बाजूला ठेवा आणि बाकीच्यांवरून तिचा अंदाज काढा.

पाणथळ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. पहिली: झाडं काढलेल्या भागात सुईपानांचा थर आहे, तिथे युरोपचं सूत्र लागू होईल का? दुसरी: खालच्या पीटमधून जुना समाज पाहून 'लागवडीआधी इथे काय होतं' हे ठरवायचं आहे, म्हणजे सुधारणेचं लक्ष्य नक्की करता येईल.

चिखलवाट

पहिल्याचं उत्तर: जपून. सूत्र बांधताना घेतलेले नमुने मुख्यतः उघड्या, नैसर्गिक दलदलींचे आहेत. झाडांच्या सावलीत शेवाळ पोटात बाळगणाऱ्या जातींना उजेड मिळत नाही, त्यामुळे पाणी वर असूनही पॅपिलिओ आणि आर्चेरेला दिसणार नाहीत. शिवाय लागवडीच्या वेळी खत टाकलेलं असतं. प्रत्येक नमुन्यासाठी सूत्राच्या मूळ संचातल्या सर्वात जवळच्या नमुन्याशी अंतर, म्हणजे जातींच्या प्रमाणातला फरक, काढा (वर्गित-जीवा अंतर, squared chord distance, चालतं). ते अंतर संचातल्या नमुन्यांच्या आपसातल्या अंतरांच्या सर्वात कमी ५ टक्क्यांत बसत नसेल, तर त्या बिंदूसाठी सेंटिमीटर देऊ नका, फक्त जातींचा बदल द्या. उगाच आकडा दिला तर पुढे तोच धोरणात जाऊन बसतो.

सूत्र पावसाच्या पाण्यावर जगणाऱ्या आम्ल दलदलीसाठी आहे हेही विसरू नका. तुमच्या भागात झऱ्याचं, खनिजयुक्त पाणी येणारी फेनची जागा असेल तर तिथे जाती मुख्यतः पीएचनुसार बदलतात, पातळीचा प्रभाव मागे पडतो. म्हणून प्रत्येक बिंदूवर मॉस पिळून निघालेल्या पाण्याचा पीएच आणि विद्युतवाहकता नोंदवा. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसऱ्याचं: रशियन कोररने (पीटचा उभा गाभा काढायच्या हत्याराने) अर्धा मीटर लांबीचा गाभा काढा आणि वरच्या भागाचे दर सेंटिमीटरला काप करा. पीट वर्षाला साधारण मिलिमीटरभर वाढतो, पण निचरा झालेल्या जागी वरचा थर कुजून आणि दबून बसलेला असतो, त्यामुळे खोलीवरून वर्ष ठरवू नका. लागवडीच्या काळाची खूण शिसे-२१० कालमापनाने (किरणोत्सर्गी शिशावरून थराचं वय काढून) मिळते. पाइनचे परागकण अचानक वाढतात ती जागाही उपयोगी पडते, फक्त झाडं परागकण देण्याइतकी मोठी व्हायला काही वर्षं गेलेली असतात ते हिशेबात धरा.

खोल जाताना एक धोका आहे. युग्लायफा, ट्रिनेमा, कोरिथिऑन यांची कवचं स्वतः तयार केलेल्या सिलिकाच्या पट्ट्यांची असतात आणि पीटमध्ये ती लवकर विरतात. वरच्या थरात त्या भरपूर आणि १५ सें.मी.खाली जवळपास नाहीत, असं दिसलं तर ते हवामान बदलल्यामुळे नव्हे, कवचं विरल्यामुळे. वरच्या आणि खालच्या थरांची तुलना करताना या गटाला दोन्हीकडून वगळून एकदा गणित करा. निष्कर्ष तोच राहिला तर विश्वास ठेवा.

जनुकवेध

डीएनएचं कोणी घेतलं नाही म्हणून लिहिते.

अमीबांसाठी सध्या तरी डोळाच पुढे आहे. कवचधारी अमीबा हा एक वंश नाहीच. आर्सेलिनिडा एका मोठ्या गटात, युग्लायफा-असुलिना दुसऱ्याच, आणि आर्चेरेला-अँफिट्रेमा तिसऱ्या, स्ट्रामेनोपाइल्समध्ये. १८एस जनुकासाठीचा एकच प्रायमर (हवा तो जनुक पकडणारा डीएनएचा छोटा तुकडा) या तिघांना सारख्या ताकदीने पकडत नाही. शिवाय प्रत्येक पेशीत जनुकाच्या प्रती कमीजास्त असतात, त्यामुळे वाचनांची टक्केवारी म्हणजे अमीबांची टक्केवारी नव्हे. संदर्भसंचात कित्येक जातींची नोंदच नाही.

पण अमीबा फक्त पाण्याची गोष्ट सांगतात. दलदल मिथेन सोडते आहे की शोषते आहे हे जिवाणू आणि आर्किया सांगतात, तिथे डीएनए लागतोच. मिथेन बनवणाऱ्यांसाठी एमसीआरए जनुक, मिथेन खाणाऱ्यांसाठी पीएमओए, आणि दोन्हींची प्रमाणात्मक पीसीआर, म्हणजे जनुकाच्या प्रती मोजण्याची चाचणी. ओल परत आल्यावर सुरुवातीला मिथेन वाढणं अपेक्षित असतं. तेव्हा एमसीआरए वाढला म्हणून घाबरू नका, त्याबरोबर स्फॅग्नमच्या थरात पीएमओए वाढतोय का ते पाहा. स्फॅग्नमच्या पोकळ पेशींत मिथेन खाणारे जिवाणू राहतात आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड मॉसला मिळतो. स्फॅग्नम परतण्याला एवढं महत्त्व आहे त्याचं हेही एक कारण.

पीएमओएतही एक भोक आहे: मेथिलोसेला. आम्ल पीटमधूनच हा जिवाणू वेगळा केला गेला, आणि त्याच्याकडे पीएमओए नाहीच, फक्त विद्राव्य विकर आहे. त्याच्यासाठी एमएमओएक्स जनुक वेगळा मोजावा लागतो. नुसता पीएमओए मोजून 'मिथेन खाणारे कमी आहेत' हा निष्कर्ष काढू नका.

पीटमधून डीएनए काढताना कुजण्यातून तयार झालेली ह्यूमिक आम्लं पीसीआर बंद पाडतात. अर्क चहाच्या रंगाचा दिसला तर समजून जा. माती-पीटसाठीचा, अवरोधक काढणारा संच घ्या, मण्यांनी पेशी नीट फोडा आणि पीसीआरमध्ये बीएसए हे प्रथिन घाला. चाचणी अशी: अर्क दहापट पातळ करून पुन्हा चालवा. सगळं ठीक असेल तर पीसीआरची चक्रसंख्या सुमारे ३.३ ने वाढते. त्याहून कमी वाढली, किंवा उलट घटली, तर अवरोध आहे आणि आधीचा आकडा खोटा आहे. हा तपास प्रत्येक नमुन्यावर करा, कारण खालच्या कुजलेल्या थरात ह्यूमिक आम्लं कितीतरी जास्त असतात. नाहीतर 'खोलीनुसार जिवाणू घटतात' हा शोध प्रत्यक्षात आम्लांचा असतो.

अशा संचात ०.२५ ग्रॅम नमुना घालतात. ओल्या स्फॅग्नममध्ये वजनाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग पाणी असतं, म्हणजे कोरडा माल २५ मिलिग्रॅमही नाही. चर बुजवल्यावर पाणी वाढलं की तेवढ्याच ओल्या वजनात जिवाणू आपोआप कमी भरतात. म्हणून प्रत्येक नमुन्याचा वेगळा भाग वाळवून कोरडं वजन काढा आणि सगळे आकडे त्यावर द्या. डीएनएचा नमुना मात्र ४ अंशांवर पडू देऊ नका. जागेवरच कोरड्या बर्फात ठेवून नंतर उणे ८० अंशांत हलवा.

पैसे मर्यादित असतील तर अमीबा सगळ्या २४ बिंदूंवर आणि जनुकं चरापासून १ आणि ३० मीटरवरच्या बिंदूंवर, अशी विभागणी मला योग्य वाटते.

कातळफूल

धागा वाचनखूण म्हणून साठवला. महाराष्ट्रात बसून या ओळखीचा सराव करता येईल का? इथे स्फॅग्नमच्या दलदली नाहीत, पण शिकून ठेवायची इच्छा आहे.

सूक्ष्मदर्शी

येईल. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कातळांवर, जुन्या भिंतींवर, झाडांच्या बुंध्यांवर जे मॉस येतं त्यात युग्लायफा, ट्रिनेमा, सेंट्रोपिक्सिस, आर्सेला हे वंश सापडतात. चिमूटभर मॉस पाण्यात दहा मिनिटं भिजवा, पिळा, ते पाणी पंधरा मिनिटं निवळू द्या आणि तळाचा थेंब १०० पटीत पाहा, मग ४०० पटीत. तोंडाचा आकार पाहणं, कवच वळवणं, लांबी मोजणं, हे सगळं त्यावर शिकता येतं. या याद्यांना युरोपचं सूत्र मात्र लावायचं नाही. देशातल्या जुन्या पीटचं उदाहरण हवं तर निलगिरीतल्या सँडिनल्लाचं आहे. तिथल्या पीटमधल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून दक्षिण भारताचं जुनं हवामान वाचलं गेलंय.

खऱ्या स्फॅग्नम पीटमधली कवचं पाहायची असतील तर पॉलिहाउसच्या रोपांसाठी बाल्टिक देशांतून येणारा पीटमॉस घ्या. चुना आणि खत न मिसळलेला, जाडसर तंतूंचा प्रकार मागा. मिश्रण केलेल्या मालात चुन्याचे आणि परलाइटचे कण कवचांसारखे चमकतात आणि नवख्याचा गोंधळ उडतो. २ घन सें.मी. पीट वर दिलेल्या रीतीने उकळून ३०० मायक्रॉनमधून गाळा. पहिल्या स्लाइडवर असुलिना शोधा, तपकिरी असल्याने ती लवकर नजरेत येते. ती सापडली की मग आर्चेरेलाची दोन तोंडं शोधायला लागा. पट्ट्यांची नाजूक कवचं या मालात शोधत बसू नका, तो दलदलीच्या पृष्ठभागाखालच्या जुन्या थरांतून खणलेला असतो.

पाणथळ

ठरलं. या सप्टेंबरात सहा रेघांवर पहिली फेरी, जिवंत आणि रिकामी कवचं वेगळी मोजून, १५ मायक्रॉनच्या चाळणीशिवाय. सळया आणि नळ्या त्याआधी बसवतो. जातींची यादी तयार झाली की इथेच टाकतो, चिखलवाट, हायलोस्फेनिया सबफ्लावाचे फोटो तपासून द्याल का?

चिखलवाट

नक्की. प्रत्येक कवचाचे दोन फोटो टाका, एक सपाट आणि एक कुशीवर वळवलेला, दोन्हींत मोजपट्टी. तोंड दिसत नसेल तर ओळख पक्की होणार नाही.